सरळ रेषेला फुटलेले फाटे

शिवडीच्या जेट्टीवर उभं राहिलं की डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर खाडीपलीकडे न्हावा-उरणकडचे डोंगरही दिसतात. दिसतं ते जवळ, हा हिशेब मात्र इथे कधी चालला नाही. मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या विल्बर स्मिथ कंपनीने ही खाडी पुलाने जोडावी असं १९६३मध्ये सुचवलं. पुलाचं उद्घाटन झालं १२ जानेवारी २०२४ला. अटल सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. मधल्या साठ वर्षांत खाडी रुंद झाली नाही की अरुंद झाली नाही. पलीकडे जाणारी माणसं मात्र आधी ठाण्यावरून आणि १९७३नंतर वाशीच्या पुलावरून वळसा घालत राहिली.

त्याआधीचीही एक गोष्ट आहे. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८०च्या सुमारास बांधला, तो याच पाण्यावर नजर ठेवायला. तरी १६८९मध्ये सिद्दी याकूत खानाची फौज नेमकी शिवडीलाच उतरली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना वर्षभर कोटात कोंडून घ्यावं लागलं. किल्ल्यावरून पलीकडचा किनारा किती लांब आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या माहितीचा उपयोग झाला नाही, कारण पाण्यावरची वाट त्यांच्या हातात नव्हती.

आता त्याच शिवडीतून पूल ओलांडला की नवी मुंबईचा विमानतळ फार लांब नाही. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं. एका महानगराला दोन मोठे विमानतळ आले आणि दोघांच्या मधे हवाई रेषेत जेमतेम चोवीस-पंचवीस किलोमीटर. पण आपला विषय त्यापेक्षा लांबचा आहे. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींतून आणि आता चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतून दर वर्षी कोणी ना कोणी न्यू जर्सीला, लंडनला, सिडनीला निघतं. निरोप द्यायला आलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती तासांचं फ्लाइट आहे?’ किती किलोमीटर, असं कोणी विचारत नाही. विचारलं तर मोबाइल एका क्षणात आकडा देतो: मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५३० किलोमीटर. आकडा खरा आहे. फक्त त्या आकड्याने आज मुंबईहून न्यूयॉर्कला कोणीही जात नाही.

हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून तो ताणावा. बहुतेकांचा अंदाज असतो की दोरा अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक असा थेट पश्चिमेला जाईल, कारण वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा तसंच दाखवतो. दोरा निघतो मात्र उत्तर-वायव्येला. सौराष्ट्र ओलांडून कच्छच्या मोठ्या रणावरून तो सिंधमध्ये शिरतो, कंदाहारच्या आसपास अफगाणिस्तान कापतो, पुढे तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानच्या पश्चिम भागातून रशियात जातो. सेंट पीटर्सबर्ग जवळच राहतं. नॉर्वेचं ट्रॉनहाइम, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि लॅब्राडोर करत तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरतो. मुंबईकर ज्या शहराला ‘पश्चिमेला’ म्हणतो तिथे जायची सर्वांत जवळची वाट जवळजवळ आर्क्टिक वृत्ताच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन येते. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून निघणारी वाट धरली तर अंतर होतं १४,२०० किलोमीटर, म्हणजे सोळाशेहून अधिक किलोमीटर जास्त.

गणित कठीण नाही. अकरावीला लॉगटेबल वापरलेल्या कोणालाही ते कागदावर करता येईल. मुंबईचा अक्षांश १९ अंश ५ मिनिटं, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा ४० अंश ३८ मिनिटं, दोघांच्या रेखांशांतला फरक १४६ अंश ३९ मिनिटं. अक्षांशांतल्या फरकाच्या निम्म्याचा साइन घेऊन वर्ग करायचा: ०.०३५०. रेखांशांतल्या फरकाच्या निम्म्याचं तसंच करायचं: ०.९१७७. या दुसऱ्या आकड्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांनी गुणलं की ०.६५८१ येतात. बेरीज ०.६९३१, वर्गमूळ ०.८३२५. हा साइन ज्या कोनाचा, तो कोन दुप्पट केला की ११२.७ अंश. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा, १२,५३० किलोमीटर हाती येतात. वैमानिक आणि दर्यावर्दी किलोमीटरच्या भानगडीत पडत नाहीत. कोनाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणून ११२.७ला साठने गुणलं की त्यांचं काम झालं.

या सूत्राला हॅवरसाइन म्हणतात. १८३५मध्ये जेम्स इन्मन या इंग्रज शिक्षकाने नौकानयनाच्या पुस्तकातून ते रूढ केलं. साधं कोसाइनचं सूत्र असताना हे वाकडं सूत्र कशाला, तर जवळच्या अंतरांसाठी. शिवडी स्टेशनपासून शिवडीच्या किल्ल्यापर्यंत किलोमीटरभर चालायचं असतं. एवढ्या छोट्या कोनाचा कोसाइन सात घरांच्या कोष्टकात नुसता १ येतो, म्हणजे स्टेशन आणि किल्ला एकाच जागी! हॅवरसाइनने हा घोटाळा होत नाही. १९८४मध्ये खगोलशास्त्राच्या एका अमेरिकन मासिकात सिनॉट यांनी संगणक वापरणाऱ्यांना याच सूत्राची आठवण करून दिली आणि आज खिशातल्या फोनमधली कितीतरी अ‍ॅप तेच वापरतात.

हॅवरसाइन म्हणजे आपल्याकडच्या उत्क्रमज्येचा, म्हणजे १ वजा कोसाइनचा, अर्धा भाग. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्या’ (म्हणजे साइन) आणि ‘उत्क्रमज्या’ या दोन्हींची सोय करून ठेवली होती. म्हणून ‘हे सगळं आमच्याच ग्रंथांत आधी होतं’ अशी आरोळी ठोकायचं कारण नाही. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घालून अंतर काढायचं हे तयार सूत्र तिथे नाही. तिथे जे आहे ते जास्त मनोरंजक आहे. उज्जैनच्या मध्यरेषेपासून आपलं गाव किती योजनं पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, हे पंचांगासाठी काढावंच लागे. जुनी रीत अशी: मध्यरेषेवरच्या ओळखीच्या गावापर्यंत चालून मोजलेलं अंतर हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण धरायचा, अक्षांशांतल्या फरकावरून एक बाजू काढायची, उरलेली बाजू म्हणजे उत्तर. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने या रीतीवर आक्षेप घेतला. त्याचं म्हणणं, एक तर हा कर्ण ढोबळ आहे, आणि दुसरं म्हणजे पृथ्वी गोल आहे, तिच्यावर सपाट त्रिकोण कसा मांडणार? चाललेली वाट आणि खरं अंतर यांत फरक करायला हवा, ही समज चौदाशे वर्षं जुनी आहे.

सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या दुसऱ्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं दिला आणि तो कसा काढायचा तेही सांगितलं. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे. तेवढं अंतर मोजा आणि सोळाने गुणा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला या ग्रंथाच्या अभ्यासासाठी मठ काढला, तो १२०७मध्ये. त्याचा शिलालेख उजेडात आणला तो मुंबईच्याच डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भायखळ्याच्या ज्या म्युझियमला त्यांचं नाव आहे, त्याच्यासमोरून शिवडीची माणसं रोज जातात.

अक्षांश काढणं तसं सोपं, ध्रुवतारा किंवा दुपारचा सूर्य पाहून तो मिळतो. गाडी अडायची ती रेखांशावर. रेखांश म्हणजे दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांतला फरक, एका अंशाला चार मिनिटं. तो हिशेब मुंबईत कुलाब्याला होई. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये तिथे वेधशाळा काढली ती जहाजांची घड्याळं लावण्यासाठी. बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेचं काम पाहत आणि पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, उमेदीच्या वर्षांत तिथेच नोकरीला होते. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेला ‘बॉम्बे टाइम’ हा या शहराचा रेखांशच होता. १९०६मध्ये देशाची एक प्रमाणवेळ झाली तरी मुंबई १९५५पर्यंत आपल्या घड्याळाला चिकटून राहिली. हट्टीपणात आपण कोणाला हार गेलेलो नाही.

पुढचं सगळं बारकावे दुरुस्त करण्याचं काम. पृथ्वी पुरती गोल नाही, ध्रुवांशी थोडी दबलेली आहे. विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा एकवीस किलोमीटरांनी जास्त. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३०मध्ये भारताच्या मोजणीवरून जो लंबगोल ठरवला आणि आज जगभर जीपीएससाठी जो वापरतात, त्या दोघांच्या विषुववृत्तीय त्रिज्यांत एक किलोमीटरचाही फरक नाही. साखळ्या आणि थिओडोलाइट ओढत केलेल्या कामाला हे छोटं प्रमाणपत्र नव्हे. १९७५मध्ये व्हिन्सेंटी यांनी लंबगोलावरचं अंतर काही मिलिमीटरांपर्यंत काढायची पद्धत दिली. १ जानेवारी १९९८पासून जगातल्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश एकाच मापदंडावर नोंदवायचं ठरलं. विमानतळ म्हणजे काही टिंब नाही, मैलभर पसरलेली जमीन. म्हणून धावपट्ट्यांच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू त्याचा पत्ता मानतात. इतकं झाल्यावर दोन विमानतळांमधलं अंतर या प्रश्नात गणिताचं असं काही शिल्लक राहिलं नाही.

मुंबईचा इतिहास गणित संपतं तिथून सुरू होतो. लंडन ते मुंबई हे पृथ्वीच्या पाठीवरचं अंतर ७,२०० किलोमीटर. जहाजाने केपला वळसा घालून ते होई जवळजवळ वीस हजार. नोव्हेंबर १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला आणि ते साडेअकरा हजारांवर आलं. दुसऱ्याच वर्षी समुद्राखालून एडनमार्गे तारेची केबल मुंबईला पोहोचली आणि बातमीपुरतं अंतर मिनिटांवर आलं. या दोन गोष्टींनी मुंबईचं नशीब फिरवलं. विलायतेहून येणाऱ्याला हिंदुस्थानचं पहिलं दार मुंबई झालं. शिवडीला कॉटन ग्रीनची गोदामं उभी राहिली ती याच नकाशावर. तारेचा एक अनपेक्षित वारसा गिरणगावाने पुढे फार जवळून पाहिला: न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या-मिटत्या भावांवर इथे आकडा लावला जाई आणि मटक्याचा धंदा त्यातूनच वाढला. साडेबारा हजार किलोमीटरवरच्या बाजाराचा दशांश चिन्हानंतरचा आकडा कळण्यासाठी नाक्यावर माणसं ताटकळत उभी असायची.

पण सुएझने दिलं ते सुएझने परतही घेतलं. १९६७च्या युद्धानंतर कालवा आठ वर्षं बंद होता आणि जहाजं पुन्हा केपला वळसा घालू लागली. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाले तेव्हा पुन्हा तेच.

आकाशात अशी अडचण येणार नाही, अशी समजूत एकेकाळी होती. जमिनीवर डोंगर, समुद्रात खंड. हवेत काय आडवं येणार? मुंबईला तरी हा भ्रम फार काळ परवडला नाही. मार्च १९२९मध्ये इम्पिरियल एअरवेजने लंडनहून हिंदुस्थानची सेवा सुरू केली ती कराचीपर्यंत. विमान इराणच्या आखाताच्या कडेने येई, त्याला कराची वाटेवर पडे आणि मुंबई आडवळणाला. साठ वर्षांत सुएझने जे शहर दारात आणून ठेवलं होतं, ते विमानाने परसात नेलं. ही उणीव भरायलाच जेआरडी टाटांची टपालसेवा निघाली. १५ ऑक्टोबर १९३२ला ते एकटे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूच्या मैदानावर उतरले. कराची ते मुंबई सरळ अंतर ८७० किलोमीटर, अहमदाबादमार्गे हजाराच्या वर. तेव्हा हा फाटा पेट्रोलसाठी आणि टपालासाठी होता.

जून १९४८च्या ८ तारखेला एअर-इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेली. ३५ प्रवासी, भाडं १,७२० रुपये. ही वाट धरली तर अंतर ७,९००च्या आसपास, सरळ रेषेपेक्षा सुमारे सातशे किलोमीटर जास्त, आणि तोही फाटा इंधनाचा. विमानं मोठी होत गेली तसे हे थांबे गळून पडले. इंजिनियरांनी आपल्या बाजूने काम चोख केलं.

त्यांच्या हातात नसलेली गोष्ट डिसेंबर १९४४मध्ये शिकागोत ठरली होती. आपल्या जमिनीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचा पूर्ण आणि एकट्याचा हक्क, हे त्या कराराचं पहिलं कलम. खुल्या समुद्रात बारा मैलांपलीकडे कोणी कोणाला विचारत नाही. आकाशात जमीन संपेपर्यंत विचारावं लागतं. १९४४मध्ये या उपखंडात एकच सरकार होतं, म्हणून त्या कलमाची झळ इथे लागली नाही. तीन वर्षांनी कराची आणि मुंबईच्या मधे सीमा आली.

जानेवारी १९७१च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं. भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना जायला बंदी केली. कराची ते ढाका ही एकाच देशाच्या दोन शहरांमधली वाट, सरळ मोजली तर २,३५० किलोमीटर. ती आता कोलंबोला वळसा घालून जाऊ लागली आणि जवळजवळ दुप्पट झाली. वर्ष संपायच्या आत तो देशच दोन झाला, त्याची कारणं अर्थात फार खोल होती. पण लष्कराच्या रसदीला दक्षिण भारताभोवती फिरून जावं लागलं, हे त्या वर्षीच्या युद्धाच्या हिशेबात धरावंच लागतं.

बंदीची ही चाल नंतर दोन्ही बाजूंनी वापरली गेली. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९पासून पाकिस्तानचं आकाश बंद झालं, ते जुलैच्या मध्यावर उघडलं. २ जुलैपर्यंतच एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने तेच केलं आणि मग महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. दिल्लीहून ताश्कंद सुमारे १,५८० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोलकात्यापेक्षाही जवळ. त्या ताश्कंदची विमानसेवा इंडिगोला थांबवावी लागली, कारण वळसा घातला की लहान विमानाच्या टाकीतलं इंधन पुरेना. अमेरिकेला जाणारी-येणारी काही विमानं व्हिएन्नाला इंधनासाठी उतरू लागली. सप्टेंबरपासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच बंद केली आणि दिलेल्या कारणांत हे बंद आकाशही होतं. १९४८ला कैरोला थांबावं लागलं होतं. सत्त्याहत्तर वर्षांनी, कितीतरी ताकदवान इंजिनं असताना, व्हिएन्नाला.

आता तो मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा पुन्हा ताणून पाहा. सिंधवरच्या आकाशात भारतीय कंपनीला मज्जाव. ऑगस्ट २०२१नंतर अफगाणिस्तानवर विमानांना रस्ता दाखवणारा नियंत्रण कक्षच राहिला नाही, त्यामुळे काही कंपन्या तिथून जायलाच तयार नसतात. फेब्रुवारी २०२२च्या युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकन कंपन्यांना बंद. भारतीय विमानाला रशिया मोकळा आहे पण सिंध नाही. अमेरिकन विमानाला सिंध मोकळं आहे पण रशिया नाही. १२,५३० किलोमीटरचा दोरा दोघांपैकी कोणालाच अखंड वापरता येत नाही. फोनमध्ये दिसणारा आकडा हा कमीत कमी किती, एवढंच सांगतो. त्याच्यावर किती चढले, ते दर आठवड्याला बदलतं.

सगळे फाटे राजकारणाचे असतात असंही नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून गेलं. वाट १५,३०० किलोमीटरची, नेहमीपेक्षा चौदाशे किलोमीटरांनी लांब. पण वारा पाठीशी होता, म्हणून साडेचौदा तासांत, सुमारे दोन तास आधी पोहोचलं. ‘किती तास?’ असं विचारणारी शिवडीची आजी या बाबतीत अ‍ॅपपेक्षा शहाणी ठरते.

आता वादाचा मुद्दा. सरळ रेषेतलं अंतर हे निरुपद्रवी भूगोलाचं उत्तर राहिलेलं नाही, त्यावर पैशाचे आणि धोरणाचे हिशेब बसवले जातात. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि तिकिटांचे भाव आकाशाला भिडले तेव्हा केंद्र सरकारने भाड्याला मर्यादा घातली ती अंतरावर: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा हजार, दीड हजारपर्यंत पंधरा हजार, पुढे अठरा हजार रुपये. मुंबई-दिल्ली ११४०च्या आसपास, म्हणून पंधरा हजारात. मुंबई-कोलकाता १६६० म्हणून अठरा हजारात. देशांतर्गत उड्डाणांना हे ठीक आहे, तिथे वाट आणि रेषा यांत फार तफावत पडत नाही.

लांबच्या उड्डाणांना ठीक नाही. प्रवाशामागे किती कार्बन पडला याचा हिशेब करायला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं एक गणकयंत्र आहे. ते सरळ रेषेचं अंतर घेतं आणि वळशांसाठी थोडी भर घालतं: ५५० किलोमीटरच्या आत पन्नास, साडेपाच हजारांपर्यंत शंभर आणि त्याच्यापुढे कितीही लांब गेलात तरी सव्वाशे किलोमीटर. सव्वाशे! विमानतळाभोवतीच्या घिरट्या आणि ढगांना दिलेली बगल त्यात कदाचित मावेल. बंद आकाश मावत नाही. ज्या शहराने दीडशे वर्षांत सुएझ, कराची आणि सिंध पाहिले, त्याने तरी वळसा हा अपवाद मानून चालणारा हिशेब मुकाट्याने मान्य करू नये. वळशात जळणारं इंधन या हिशेबात कोणाच्याच खात्यावर चढत नाही. आकाश बंद करणारं सरकार ते मोजत नाही, गणकयंत्रात त्याला जागा नाही, आणि तिकिटाच्या वाढलेल्या किमतीत ते असलं तरी वेगळं दाखवलेलं नसतं.

याउलट शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात गुलाबी गर्दी करणाऱ्या फ्लेमिंगोंचा प्रवास पाहा. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२मध्ये ठाण्याच्या खाडीत सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर जीपीएसची यंत्रं बसवली. त्यांतल्या काहींना पक्षिशास्त्रज्ञांची नावं दिली होती: सलीम, हुमायून, मॅककॅन. हे पक्षी गुजरातकडे कधी निघाले, कुठे थांबले, हे टप्प्याटप्प्याने नोंदलं गेलं. त्यांच्या विणीची ख्यात जागा, कच्छचं मोठं रण, इथून सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर, आणि योगायोग असा की न्यूयॉर्कचा आपला दोरा त्याच रणावरून जातो. पक्ष्याच्या बाबतीत संशोधक सरळ रेषेवर समाधान मानत नाहीत. मे २०२४मध्ये घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक बसून जवळजवळ चाळीस फ्लेमिंगो मेले तेव्हाही चर्चा झाली ती पक्षी कोणत्या वाटेने आणि विमान कोणत्या वाटेने येत होतं, याची. विमानतळ आणि चिखलपट्टी यांच्यामधल्या अंतरावर कोणी समाधान मानलं नाही.

तेच माप प्रवाशाला लावायला अडचण कसली? प्रत्येक उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन आधी तयार होतो, डिस्पॅचर त्यात वाटेतले बिंदू आणि लागणारं इंधन लिहितो, उतरल्यावर प्रत्यक्ष किती अंतर कापलं तेही नोंदीत असतं. दुसऱ्याच्या आकाशातून गेल्याचं शुल्क त्या-त्या देशाला त्या नोंदीवरून चुकतं केलं जातं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने भारतातून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक मार्गासाठी दोन आकडे दर महिन्याला जाहीर करायला लावावेत: सरळ रेषेचं अंतर आणि त्या महिन्यात विमानांनी सरासरी कापलेलं अंतर. त्यासाठी नवी मोजणी करावी लागणार नाही आणि कोणाचं व्यापारी गुपितही फुटणार नाही, कारण विमानं कुठून गेली हे आज कोणीही मोबाइलवर बसून पाहू शकतो.

मुंबई-कराचीसाठी मात्र असा तक्ता करता येणार नाही. १९३६पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच मुंबई इलाख्यात होती. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा आजही आहे. आठशे सत्तर किलोमीटरच्या त्या वाटेवर आता थेट विमान नाही. जायचंच असेल तर दुबईला उतरून पुन्हा मागे यावं लागतं, आणि ते अंतर भरतं तीन हजार शंभर किलोमीटर.